अल्ट्रा गेम्स (१९८८ ते १९९२): कोनामीची उपकंपनी, की केवळ दुसरी पाटी?

अक्षांश (धागाकर्ता)

नमस्कार. अमेरिकेत निघालेल्या घरगुती व्हिडिओ गेमच्या प्रकाशकांची एक कालानुक्रमिक सूची मी तयार करीत आहे आणि तीत अल्ट्रा गेम्सपाशी येऊन माझे काम थांबले आहे. १९८८ मध्ये कोनामी या जपानी कंपनीने अमेरिकेत अल्ट्रा सॉफ्टवेअर कॉर्पोरेशन नावाची उपकंपनी काढली आणि तिचे खेळ 'अल्ट्रा गेम्स' या नावाने दुकानांत येऊ लागले. त्यामागचे कारण सर्वज्ञात आहे. निन्टेंडोने आपल्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रासाठी खेळ काढणाऱ्या बाहेरच्या प्रत्येक कंपनीवर अमेरिकेत वर्षाला पाचच खेळांची मर्यादा घातली होती आणि कोनामीपाशी त्याहून कितीतरी अधिक खेळ तयार होते. नवी कंपनी म्हणजे नवा परवाना आणि नवा परवाना म्हणजे आणखी पाच खेळ, असा तो सरळ हिशोब होता. मर्यादा सैल झाल्यावर १९९२ मध्ये ही कंपनी गुंडाळण्यात आली.

या कंपनीची सूचीत स्वतंत्र नोंद करावी, की तिचे सगळे खेळ कोनामीच्याच नावावर दाखवावेत? माझा कल स्वतंत्र नोंदीकडे आहे, कारण त्या चार वर्षांत अल्ट्राने काढलेले खेळ एकत्र ठेवून पाहिले, तर त्यांचा चेहरामोहरा कोनामीच्या खेळांपेक्षा वेगळा दिसतो. जाणकारांनी आपापली मते मांडावीत, ही विनंती.

खडूफळा

स्वतंत्र नोंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका घरात एकच चूल असताना दोन शिधापत्रिका काढल्या, म्हणून घरे दोन होत नाहीत. १९८८ मध्ये कोनामीच्या नावाने एनईएसवर आलेले खेळ आठवून पाहा: कॉन्ट्रा, लाइफ फोर्स, जॅकल, कॅसलव्हेनिया २ आणि ब्लेड्स ऑफ स्टील. बरोबर पाच. त्याच वर्षी मेटल गिअर अल्ट्राच्या नावाने आला, तो कोनामीच्या पहिल्या पाचांत जागा उरली नव्हती म्हणून. जपानमध्ये हाच खेळ १९८७ च्या डिसेंबरात थेट कोनामीच्या नावाने विकला गेला होता. ज्या कंपनीला मायदेशी अस्तित्वच नाही आणि जिचे अमेरिकेतील अस्तित्व दुसऱ्याच्या नियमावर अवलंबून आहे, तिला प्रकाशक म्हणून वेगळे स्थान देणे मला पटत नाही.

निशिगंध

खडूफळा, तुमचा मुद्दा समजला, परंतु ही मर्यादा मुळात का आली, हे सांगितल्याशिवाय अल्ट्राचा इतिहास अपुरा राहील. अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार १९८३ मध्ये कोसळला. त्या आधीच्या दोन-तीन वर्षांत कोणीही उठावे, अटारी कंपनीच्या गेम यंत्रासाठी एखादा कच्चा खेळ लिहावा आणि दुकानात ठेवावा, अशी स्थिती होती. चांगल्या-वाईटाची पारख ग्राहकाला होईना, दुकानांत माल तुंबला आणि भाव मातीमोल झाले. १९८३ मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलरचा असलेला बाजार १९८५ पर्यंत जेमतेम १० कोटींवर आला, असे आकडे सर्वत्र दिले जातात. अटारीने न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या, आणि ही केवळ दंतकथा असल्याचे अनेक जण मानत असताना २०१४ मध्ये खणून त्या प्रत्यक्ष बाहेर काढण्यात आल्या.

१९८५ मध्ये निन्टेंडो अमेरिकेत उतरली, तेव्हा तेथील दुकानदार व्हिडिओ गेम ठेवायलाच तयार नव्हते. अशा वेळी 'वर्षाला पाचच खेळ काढा, पण नीट काढा' असे बजावणे मला तरी जुलमाचे वाटत नाही. अल्ट्राकडे पाहताना निन्टेंडोला खलनायक ठरविण्याची जी घाई होते, ती टाळावी.

लोहचुंबक

निशिगंधताईंनी बाजाराची बाजू सांगितली आहे, मी यंत्राची सांगतो, कारण केवळ करारात लिहून असा नियम पाळला गेला नसता.

अमेरिकेतील एनईएसमध्ये १०एनईएस नावाची कुलूपव्यवस्था होती. एक लहानशी चिप यंत्रात आणि तिची जोडीदार प्रत्येक कॅसेटमध्ये बसविलेली असे. यंत्र सुरू होताच दोघींचा सांकेतिक संवाद चाले. तो जुळला नाही, तर यंत्रातील चिप मुख्य प्रोसेसरला साधारण सेकंदागणिक पुन्हा पहिल्यापासून सुरू करी आणि टीव्हीवरचे चित्र नुसते लुकलुकत राही. कॅसेटमधली ही चिप फक्त निन्टेंडोकडे मिळे. त्यामुळे कॅसेटी निन्टेंडोनेच बनवायच्या, प्रकाशकाने किमान १०,००० नग मागवायचे, त्यांचे पैसे आगाऊ भरायचे आणि विक्रीची सगळी जोखीम आपल्या डोक्यावर घ्यायची, अशी एकूण रचना होती. शिवाय तोच खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर काढता येत नसे.

१९८८ मध्ये खेळ साठवणाऱ्या मेमरी चिपांचा मोठा तुटवडा पडला, हेही ध्यानात घ्यायला हवे. कोणाला किती कॅसेटी मिळणार, हे निन्टेंडो ठरवीत होती. अशा वर्षी दुसरा परवाना हाती असणे, हे पाच जादा खेळांहून मोठे बळ होते, असे मला वाटते.

पायवाट

उत्तम माहिती. वाचनखूण साठवली आहे. कृपया लिहीत राहा.

कलमनवीस

कायद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवितो.

पहिली, उपकंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असते. तिचे करार, तिची देणी आणि तिचा परवाना हे सगळे तिच्या स्वतःच्या नावावर असते. मालक एक असणे हे कंपनी एक असण्याचे प्रमाण नव्हे. तसे मानले, तर जगातील निम्म्या प्रकाशन संस्थांच्या नोंदी पुसाव्या लागतील.

दुसरी, शिधापत्रिकेची उपमा मला मान्य नाही, कारण तीत अधिकाऱ्याला फसविणे गृहीत आहे. लोहचुंबक यांनी सांगितल्याप्रमाणे अल्ट्राची प्रत्येक कॅसेट निन्टेंडोनेच तयार केली. प्रत्येक खेळ आधी निन्टेंडोकडे तपासणीला गेला, मान्य झाला, आणि मग त्याच्या खोक्यावर निन्टेंडोची अधिकृत मोहोर उमटली. त्या मंडळींना ही कंपनी कोणाची आहे, हे ठाऊक नव्हते, असे म्हणणे तर्काला धरून होत नाही. नियम करणाऱ्यानेच एका भरवशाच्या कंपनीसाठी बाजूचे दार उघडे ठेवले, असे हे प्रकरण आहे. आणि ते सर्वांसाठी सारखे उघडे होते का, हा खरा प्रश्न आहे. ज्या लहान कंपनीपाशी वर्षाला दोनच खेळ होते, तिला या सवलतीचा काहीच उपयोग नव्हता. सवलत मिळाली ती आधीच मोठ्या असलेल्यांना.

रानवाटा

अक्षांश यांच्या मूळ मुद्द्याकडे वळते. अल्ट्राच्या खेळांचा चेहरामोहरा खरोखरच वेगळा आहे, आणि तो कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे.

स्केट ऑर डाय हा १९८७ चा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा खेळ, मूळ घरगुती संगणकावरचा. किंग्ज ऑफ द बीच हाही त्यांचाच. डिफेंडर ऑफ द क्राउन हा सिनेमावेअरचा अमिगा संगणकावर गाजलेला १९८६ चा खेळ. सायलेंट सर्व्हिस आणि पायरेट्स हे दोन्ही मायक्रोप्रोझचे, सिड मायर या नामवंत रचनाकाराच्या हातचे. पाणबुडीचा कप्तान होऊन प्रशांत महासागरात जपानी जहाजांच्या मागावर जाणे किंवा कॅरिबियन समुद्रात चाचेगिरी करत वर्षानुवर्षांचे आयुष्य घालविणे, हे कोनामीच्या धावत्या-उडत्या खेळांहून अगदी निराळ्या जातीचे खेळ आहेत. या शेवटच्या दोन खेळांच्या एनईएस आवृत्त्या तर इंग्लंडच्या रेअर या संस्थेने बनविल्या. क्यूबर्ट हा मुळात गॉटलिब या अमेरिकन कंपनीचा १९८२ चा नाणे टाकून खेळायचा खेळ.

म्हणजे असे दिसते की, कोनामीच्या मुख्य परवान्यावर जपानहून आलेले घरचे खेळ निघत होते आणि अल्ट्राच्या परवान्यावर अमेरिकन संगणकांवरचे खेळ एनईएसवर येऊन पोहोचत होते. त्या काळी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला स्वतः निन्टेंडोकडे जायची इच्छा नव्हती. तिने स्वतःच्या नावाने एनईएसवर पहिला खेळ काढला तो १९९० मध्ये. तोवर अशा संगणकी खेळांना एनईएसवर येण्यासाठी कोणातरी परवानाधारकाचा हात धरावा लागे, आणि अल्ट्राने तो अनेकदा दिला. हे काम केवळ दुसऱ्या पाटीचे नव्हे, ते प्रकाशकाचेच काम आहे.

खडूफळा

रानवाटा, आपण दिलेली यादी बिनचूक आहे, परंतु ती अर्धी आहे. अल्ट्राला ज्या खेळांनी पैसा आणि नाव मिळवून दिले, ते मेटल गिअर आणि निंजा टर्टल्स. दोन्ही कोनामीच्या जपानमधील चमूंनी बनविलेले. जायरस हाही कोनामीचाच जुना खेळ, तरीही तो एनईएसवर अल्ट्राच्या नावाने आला. मग 'घरचे खेळ इकडे, अमेरिकन खेळ तिकडे' ही विभागणी कोठे राहिली? ज्या वर्षी ज्या परवान्यात जागा होती, तेथे खेळ बसविला, इतकेच या यादीतून सिद्ध होते. लहान मुलाने दुकानात जाऊन जे खोके उचलले, त्यावरचे नाव पाहून त्याला हा खेळ कोणी बनविला हे कळत नव्हते. त्या मुलाच्या बाजूने विचार केला, तर या पडद्यामागे कोण आहे हे सांगणे, हेच सूचीचे काम ठरते.

मिशिगनकाठ

मी अनेक वर्षे शिकागोच्या परिसरात राहतो. त्या काळी कोनामीची अमेरिकन शाखा इलिनॉय राज्यात याच भागात होती आणि अल्ट्राही तेथेच. जुन्या वस्तूंच्या बाजारात अल्ट्राच्या कॅसेटी अजून सापडतात. माझ्याकडे मेटल गिअरची एक आहे, तेव्हा त्याविषयी थोडे लिहितो, कारण अल्ट्राच्या नावाने आलेल्या खेळांत इतिहासावर सर्वांत लांब सावली याच खेळाची पडली.

मूळ मेटल गिअर हिदेओ कोजिमा यांनी १९८७ मध्ये एमएसएक्स२ या संगणकासाठी रचला. शत्रूशी लढण्यापेक्षा त्याच्या नजरेला न पडता पुढे सरकायचे, ही त्यातली नवी कल्पना. एनईएसची आवृत्ती दुसऱ्या चमूने घाईने बनविली आणि कोजिमा यांचा तिच्याशी संबंध नव्हता. मूळ खेळात नायक पाण्याखालून तळात शिरतो. येथे तो हवाई छत्रीने जंगलात उतरतो आणि पहिल्या काही पडद्यांतच कुत्री अंगावर येतात. ज्या महाकाय यंत्रावरून खेळाला नाव मिळाले, ते यंत्र या आवृत्तीत कोठेच दिसत नाही. शेवटी त्याच्या जागी एका संगणकाचा नाश करायचा असतो. पहारेकरी पेंगायला लागला की त्याच्या तोंडी 'आय फील अस्लीप' असे व्याकरणाचा गळा घोटणारे वाक्य येते, आणि ते इंग्रजी भाषकांत आजही आठवणीने उद्धृत केले जाते. कोजिमा यांनी या आवृत्तीविषयी आपली नाराजी पुढे उघडपणे सांगितली आहे.

तरीही ती अमेरिकेत खूप खपली. म्हणून कोनामीने पाश्चात्त्य बाजारासाठी कोजिमा यांना वगळून स्नेक्स रिव्हेंज हा दुसरा भाग बनविला आणि तोही १९९० मध्ये अल्ट्राच्याच नावाने आला. त्यावर काम करणारा एक सहकारी कोजिमा यांना रेल्वेच्या डब्यात भेटला आणि 'खरा दुसरा भाग तुम्हीच करा' असे म्हणाला, असे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. त्यातून त्याच वर्षी मेटल गिअर २ निघाला. अल्ट्राने अमेरिकेत जो गिऱ्हाईक तयार केला, तो नसता तर या मालिकेचे पुढे काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे.

देवचाफा

निंजा टर्टल्सविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. १९८४ मध्ये केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी काढलेले हे कृष्णधवल कॉमिक. १९८७ च्या अखेरीस त्याची कार्टून मालिका आली, १९८८ मध्ये प्लेमेट्सची खेळणी आली आणि १९८९ च्या मध्यावर अल्ट्राचा एनईएस खेळ आला. मागणीच्या लाटेवर तो अचूक वेळी पोहोचला. त्याच्या सुमारे ४० लाख प्रती खपल्या, आणि बाहेरच्या प्रकाशकाने काढलेल्या एनईएस खेळांत हा आकडा अगदी वरच्या रांगेतला आहे.

खेळ मात्र निर्दय होता. दुसऱ्या टप्प्यात धरणाच्या पाण्याखाली पोहत, ठरावीक वेळात आठ बॉम्ब निकामी करायचे असतात. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना विजेचा झटका देणारे शेवाळ, आणि कासव पाण्यात एका जागी स्थिर राहत नाही. अंगठ्याने बटण हलकेच, एका लयीत दाबत राहिले तरच ते मधून सरकते. किंचित जोर झाला की वर ओढले जाते, ढिलाई झाली की खाली. अनेकांचा खेळ तेथेच संपला. संगणकावरील डॉस आवृत्तीत तर गटारातील एक फट अशी होती की, तीवरून सरळ मार्गाने उडी मारून जाताच येत नसे!

१९९० च्या दुसऱ्या भागात पिझ्झा हटच्या जाहिराती थेट खेळातील रस्त्यांवर रंगविलेल्या होत्या आणि माहितीपुस्तिकेत फुकट पिझ्झ्याचे कूपन दिले होते. खेळाच्या आत दुसऱ्या धंद्याची जाहिरात घेण्याचे हे आरंभीच्या ठळक उदाहरणांपैकी एक आहे. खडूफळा सरांनी हे खेळ कोनामीच्या चमूने बनविले असे म्हटले आहे, आणि ते खरेच आहे. परंतु बनविणे आणि बाजारात उभे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा धागा दुसऱ्या गोष्टीचा आहे.

पुस्तकपेटी

विषयाला धरूनच एक तुलना सुचवितो. १९९० मध्ये अक्लेम कंपनीने एलजेएन ही खेळणी बनविणारी कंपनी एमसीए या अमेरिकन मनोरंजन कंपनीकडून विकत घेतली आणि तिच्या नावाने खेळ काढणे चालू ठेवले. एलजेएन स्वतः खेळ लिहीत नसे, बाहेरून लिहून घेई. अक्लेमला त्यामुळे दुसरा परवाना आपोआप मिळाला. कोनामीने जे नवी कंपनी काढून साधले, ते अक्लेमने जुनी विकत घेऊन साधले.

उलट टोकाचे उदाहरण टेंगेनचे. ही अटारी गेम्सची उपकंपनी. आधी रीतसर परवाना घेतला, मग १९८८ च्या डिसेंबरात निन्टेंडोवर मक्तेदारीचा दावा ठोकला आणि परवान्याविना कॅसेटी विकायला काढल्या. कुलुपाची नक्कल करण्यासाठी त्यांनी न्यायालयीन कामाचे खोटे कारण देऊन कॉपीराइट कचेरीतून निन्टेंडोच्या कुलूप-चिपमधील प्रोग्रामचा मजकूर मिळविला होता. ते उघड झाले आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयातही निकाल निन्टेंडोच्या बाजूने गेला.

कलमनवीस यांचा 'बाजूचे दार' हा मुद्दा या तुलनेने आणखी स्पष्ट होतो. ज्याने विचारून दार उघडून घेतले, त्याचे चार वर्षे निर्वेध चालले. ज्याने कुलूप फोडले, तो न्यायालयात हरला.

सागरगोटा

आपल्याकडे अल्ट्राचे नाव जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही, यामागचे कारण लोहचुंबक यांच्या प्रतिसादात दडलेले आहे. १९९० च्या दशकात मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा मनीष मार्केटात जे टीव्ही गेम मिळत, ते बहुतेक फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या मूळ जपानी यंत्राच्या, नकला होत्या, आणि १९८३ च्या फॅमिकॉममध्ये ही कुलपाची चिप नव्हतीच. त्यामुळे एका कॅसेटमध्ये ढीगभर खेळ कोंबून विकता येत आणि पुष्कळदा त्यांच्या पहिल्या पडद्यावरचे कंपनीचे नावही पुसलेले असे. ज्या पिढीने सुट्टीत भावंडांसोबत कॉन्ट्रा खेळून काढला, तिला कोनामी हे नावही बरेच नंतर कळले. ज्या कुलपामुळे अल्ट्रा जन्माला आली, ते कुलूपच आपल्याकडच्या यंत्रांत नव्हते. म्हणून ही कंपनी पूर्णतः अमेरिकन बाजाराची घटना आहे, आणि तिची नोंद त्याच चौकटीत व्हावी.

निशिगंध

सागरगोटा, हा दुवा फार महत्त्वाचा आहे. मी या बाजूने कधी विचार केला नव्हता. मनापासून आभार.

तिठा

कंपनी बंद का झाली, यावर कोणी बोललेले नाही. माझ्या वाचनाप्रमाणे अमेरिकन सरकारने १९९१ मध्ये निन्टेंडोवर कारवाई केली, त्यामुळे पाच खेळांचा नियम गेला आणि अल्ट्राची गरज संपली.

कलमनवीस

तिठा, येथे दोन प्रकरणे वेगळी ठेवायला हवीत. १९९१ ची तडजोड ही दुकानदारांना यंत्र ठरावीक किमतीखाली विकू न देण्याच्या आरोपावर झाली होती. त्यात निन्टेंडोने ग्राहकांना प्रत्येकी पाच डॉलरची कूपने देण्याचे मान्य केले. प्रकाशकांच्या परवान्यांशी तिचा थेट संबंध नव्हता. परवान्याच्या अटी सैल होण्यामागे स्पर्धेचा रेटा मोठा होता. सेगाचे जेनेसिस यंत्र १९८९ मध्ये अमेरिकेत आले आणि प्रकाशकांना प्रथमच जायला दुसरी जागा मिळाली. त्यातच टेंगेनचा खटला डोक्यावर होता. या परिस्थितीत अटी ताणून धरण्यात निन्टेंडोचेच नुकसान होते.

रानवाटा

त्यास पुरवणी जोडते. बदल खेळांच्या खोक्यांवरच दिसतो. निंजा टर्टल्सचे पहिले दोन एनईएस भाग अल्ट्राचे. तिसरा, मॅनहॅटन प्रोजेक्ट, १९९२ मध्ये अमेरिकेत आला तो थेट कोनामीच्या नावाने. सर्वाधिक खपणारी मालिका परत घरात घेतली, यावरून दुसऱ्या परवान्याची गरज उरली नव्हती, हे उघड होते. त्याच वर्षी अल्ट्राच्या नावाने नाइटशेड हा ऑस्ट्रेलियातील बीम सॉफ्टवेअरने बनविलेला खेळ आला. त्याच्या नावात 'भाग पहिला' असे छापलेले आहे. दुसरा भाग कधीच निघाला नाही.

अक्षांश

सर्वांचे आभार. चर्चेनंतर मी पुढीलप्रमाणे ठरविले आहे. अल्ट्रा गेम्सची सूचीत स्वतंत्र नोंद राहील, कारण कलमनवीस यांचा कायद्याचा आणि रानवाटा यांचा संगणकी खेळांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. मात्र नोंदीच्या पहिल्याच ओळीत ती कोनामीची पूर्ण मालकीची उपकंपनी असल्याचे आणि निन्टेंडोच्या मर्यादेमुळे काढल्याचे लिहिलेले असेल. प्रत्येक खेळापुढे तो मुळात कोणी बनविला, यासाठी वेगळा रकाना करीन, म्हणजे खडूफळा यांनी मांडलेला दुकानातल्या मुलाचा आक्षेपही राहणार नाही.

खडूफळा

निर्मात्याचा रकाना असेल, तर माझी हरकत नाही. एनईएसच्या मेटल गिअरपुढे मात्र केवळ 'कोनामी' असे लिहू नये. कोजिमा यांचे नाव मूळ रचनाकार म्हणून यावे आणि ही आवृत्ती त्यांची नाही, हेही यावे, कारण नेमकी हीच गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकीची छापलेली असते.

पुस्तकपेटी

आणखी एक सुचवितो. युरोपात कोनामीने पॅलकॉम सॉफ्टवेअर या नावाने असेच दुसरे दालन उघडले होते. तेथे 'निंजा' हा शब्द टाळून टर्टल्सचा खेळ 'हीरो टर्टल्स' म्हणून पॅलकॉमच्या नावावर आला. अल्ट्राच्या नोंदीखाली पॅलकॉमचा उल्लेख करावा, की तिचीही वेगळी नोंद करावी, हे ठरवावे लागेल. माझ्याकडे युरोपीय कॅसेटींची यादी आहे. आठवड्याअखेरीस येथेच देतो.